परदेशातील घर आणि त्याचे वाङ्मय: फ्रान्समधील ब्रिटिश गृहस्थांविषयीच्या काही ग्रंथांचा विचार

पीटर मेल ह्यांचा 'अ यिअर इन प्रोव्हान्स' हा ग्रंथ १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्या सालच्या ब्रिटिश ग्रंथ-पारितोषिकांत सर्वोत्तम प्रवासग्रंथ म्हणून त्याची निवड झाली. ह्या निवडीत एक विसंगती आहे, आणि ती फारशी कोणाला जाणवलेली दिसत नाही. ग्रंथकर्ता प्रवास करीतच नाही. दक्षिण फ्रान्समधील मेनेर्ब ह्या गावाजवळ दोनशे वर्षांचे एक शेतघर विकत घेऊन तो त्यात बारा महिने राहतो, आणि त्या बारा महिन्यांतील बराच काळ गवंडी, सुतार व प्लंबर ह्यांची वाट पाहण्यात घालवितो. प्रवासी ज्या गोष्टी मागे टाकून पुढे जातो त्यांच्याशीच ह्या माणसाची रोज गाठ पडते. फुटलेला नळ प्रवाशाच्या दृष्टीने एक किस्सा असतो. घरधन्याच्या दृष्टीने तो खर्च असतो, आणि उद्याही तो फुटलेलाच असण्याचा संभव असतो.

आपल्याकडे अशा ग्रंथांची नोंद 'प्रवासवर्णन' ह्या सदराखाली होते. परंतु प्रवासवर्णनाचे निकष त्यांस लावले म्हणजे ते एकतर उथळ ठरतात किंवा नुसते मनोरंजक. प्रवाशाचा परक्या भूमीशी असणारा संबंध मुख्यतः दृष्टीचा असतो. वास्तव्य करणाऱ्याचा संबंध करारनाम्याचा, घरपट्टीचा, शेजाऱ्याच्या बांधाचा आणि सांडपाण्याचा असतो. म्हणून ह्या ग्रंथांना 'वास्तव्यवर्णन' असे वेगळे नाव द्यावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. ह्या प्रकारात व्यावहारिक तपशील हा कथानकावरील अलंकार नसतो, तोच कथानक असतो. म्हणूनच लेखक कोणत्या व्यवहाराला हसतो आणि कोणत्या व्यवहाराविषयी मौन पाळतो, हे पाहणे हे समीक्षकाचे पहिले काम ठरते. हसण्यावरून त्याचा स्वभाव कळतो. मौनावरून त्याने काय गृहीत धरले आहे ते कळते.

ह्या परंपरेचा आरंभ शोधू लागल्यास अठराव्या शतकापर्यंत मागे जावे लागते. टोबायस स्मॉलेट हा कादंबरीकार १७६३ च्या जून महिन्यात इंग्लंड सोडून फ्रान्सला गेला. त्याच वर्षी त्याची एकुलती एक कन्या वारली होती आणि त्याची स्वतःची प्रकृतीही ढासळली होती. पुढे तो नीस येथे दीर्घकाळ राहिला. नीस तेव्हा फ्रान्समध्ये नसून सार्डिनियाच्या राजाच्या अमलाखाली होते. त्याची पत्रे 'ट्रॅव्हल्स थ्रू फ्रान्स अँड इटली' ह्या नावाने १७६६ मध्ये प्रसिद्ध झाली. बुलोन्य येथे जकातवाल्यांनी त्याची पुस्तके अडविली आणि ती तपासणीसाठी त्याच्याच खर्चाने आमियां येथे पाठवावी लागणार असे सांगितले, ही हकीकत तो आरंभीच्या पत्रांतच देतो. नीसमध्ये भाड्याने घेतलेली जागा, मांस-मासळीचे भाव, नोकरचाकरांची वागणूक हे सर्व तो नोंदवितो; ग्रंथाच्या अखेरीस तर त्याने तेथील हवामानाची दैनंदिन नोंदवहीच जोडली आहे. इंग्रजी वाङ्मयेतिहासात स्मॉलेटची प्रतिमा एका चिडखोर प्रवाशाची आहे. ही प्रतिमा लॉरेन्स स्टर्नने निर्माण केली. १७६८ मधील 'अ सेंटिमेंटल जर्नी'त 'स्मेलफंगस' ह्या नावाने त्याने स्मॉलेटचे जे विडंबन केले, ते इतके यशस्वी झाले की मूळ माणूस त्याखाली दडपून गेला. पण स्मॉलेटची चिडचिड ही घर चालविणाऱ्या माणसाची चिडचिड आहे, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे तो आपल्या विषयाचा आद्य लेखक ठरतो. मुक्कामाच्या दुसऱ्या दिवशी निघून जाणारा मनुष्य बोकडाच्या मांसाचे भाव लिहून ठेवीत नाही.

स्मॉलेट आणि स्टर्न परस्परविरोधी वृत्तीचे असले तरी एका गोष्टीत दोघांचे एकमत आहे. फ्रान्समध्ये परकीय मनुष्य मरण पावल्यास त्याची चीजवस्तू राजाने घ्यावी, असा एक जुना हक्क तेथे होता. त्यास 'द्रुआ दोबेन' म्हणत. स्मॉलेट आपल्या दुसऱ्याच पत्रात त्यावर ताशेरे ओढतो. स्टर्नच्या ग्रंथात तर तो पहिल्याच पानावर येतो. कॅले येथे नुकताच उतरलेला त्याचा नायक जेवताना विचार करतो की, आज रात्री अपचनाने आपला अंत झाला तर आपली सगळी मालमत्ता फ्रान्सच्या राजाची होईल. त्या मालमत्तेत काही सदरे, एक रेशमी विजार आणि गळ्यात अडकविलेले एलायझाचे चित्र एवढ्याच वस्तू आहेत. विनोद साधतो तो ह्या प्रमाणभंगाने. (ही एलायझा म्हणजे एलायझा ड्रेपर. तिचा पती ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईतील नोकरीत होता, आणि १७७३ च्या जानेवारीत माझगावच्या घरातून ती त्याला सोडून निघून गेली. फ्रान्सच्या राजाने ज्या तसबिरीवर हक्क सांगितला असता तिचा संबंध असा आपल्या मुंबईशी पोहोचतो.) तो हक्क १७९० मध्ये क्रांतिकालीन सभेने रद्द केला. नेपोलियनच्या संहितेत परकीयांच्या वारसाहक्काला परस्परतेची अट घालण्यात आली, आणि १८१९ च्या कायद्याने तीही गेली. येथे आपल्याला इतकेच पाहावयाचे आहे की, अठराव्या शतकातील ह्या दोन्ही लेखकांच्या लेखी परदेशात असणे म्हणजे परक्या राज्यसत्तेच्या कक्षेत असणे होय, आणि ही जाणीव ते वाचकाला ग्रंथाच्या उंबरठ्यावरच करून देतात.

एकोणिसाव्या शतकात रेल्वे आल्या, रिव्हिएरावर ब्रिटिशांची वसाहत वाढली. ते युग मोठे असले तरी आपल्या प्रकाराच्या दृष्टीने त्यात सांगण्यासारखे थोडे आहे. श्रीमंत मनुष्य घराची व्यवस्था स्वतः पाहत नाही, आणि जो पाहत नाही तो लिहीतही नाही. ब्रिटिश गृहस्थाने, खरे म्हणजे गृहिणीने, स्वतः गवंड्यांशी बोलणी केल्याचे ठसठशीत उदाहरण आपणांस १९३५ मध्ये मिळते. विनिफ्रेड फॉर्टेस्क्यू ह्यांचे 'परफ्यूम फ्रॉम प्रोव्हान्स' हे ते पुस्तक. त्यांचे पती सर जॉन हे ब्रिटिश सैन्याचे इतिहासकार. दांपत्याची स्थिती खानदानी पण द्रव्यबळ बेताचे. ग्रासजवळील एका लहान घराचा विस्तार करण्याची हकीकत त्यात आहे. १९३१ च्या सप्टेंबरात ब्रिटनने सुवर्णचलन सोडले आणि पौंडाची किंमत घसरली. फ्रान्समध्ये राहून इंग्लंडातील उत्पन्नावर गुजराण करणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला त्याची झळ लागली. गृहस्थ जिथे राहतो त्या देशात नव्हे, तर जिथून त्याचे पैसे येतात त्या देशात काय घडले ह्यावर त्याचे घर उभे असते, ही ह्या जीवनाची एक कायमची अडचण आहे. फॉर्टेस्क्यूबाईंच्या लेखनातील विनोद प्रसन्न आहे. मात्र स्थानिक माणसांकडे त्या बऱ्याचदा मुलांकडे पाहावे तशा पाहतात, आणि आजच्या वाचकाला ते टोचल्याशिवाय राहत नाही.

आता मेल ह्यांच्याकडे वळू. जाहिरातीच्या व्यवसायात उमेदीची वर्षे घालविलेल्या ह्या लेखकाची शैली नेटकी आहे, आणि तिची ताकद कमी लेखण्याचे कारण नाही. ग्रंथाची बारा प्रकरणे बारा महिन्यांच्या नावांची आहेत. जानेवारीत 'मिस्त्राल' हा उत्तरेचा वारा सुटतो, थंडीने नळ फुटतात आणि मेनिकुच्ची नावाचा प्लंबर अवतरतो. हा गृहस्थ दुरुस्तीबरोबर वाऱ्याविषयीचे आपले सिद्धांतही ऐकवितो. पुढे घरात पाण्याच्या नळ्यांनी उष्णता खेळविण्याचे काम निघते, भिंती फुटतात, कामगार येतात आणि अर्ध्यावर टाकून दुसऱ्या घरी निघून जातात. एक अवजड दगडी मेज विकत घेतले जाते आणि ते जागेवर बसविण्यासाठी महिनेच्या महिने जातात. उन्हाळ्यात इंग्लंडहून आगंतुक पाहुण्यांची रीघ लागते. अखेर डिसेंबरात यजमानीणबाई युक्ती काढतात: सर्व कारागिरांना त्यांच्या बायकांसह मेजवानीचे आमंत्रण द्यावयाचे, म्हणजे अर्धवट कामाचे प्रदर्शन आपल्या पत्नीसमोर होऊ नये म्हणून ते ते काम पुरे करतील. युक्ती सफल होते.

ह्या कथानकाचे खरे द्रव्य काळ हे आहे. मेल ह्यांनी कारागिरांच्या कालवाचक शब्दांचा जो लहानसा कोश दिला आहे तो ग्रंथातील सर्वांत मार्मिक भाग होय. पाव तास म्हणजे आज केव्हातरी, उद्या म्हणजे ह्या आठवड्यात, पंधरवडा म्हणजे मुदतच नाही. आणि 'सामान्यतः' हा शब्द वाक्यात आला की दिलेला शब्द मोडण्याची मुभा आगाऊच घेतली गेली असे समजावे. ह्यावर वाचक हसतो. परंतु हा विनोद कशाच्या बळावर उभा आहे? तो उभा आहे घरधन्याच्या विपुल वेळेच्या बळावर. प्लंबर मार्चमध्ये आला नाही तर एप्रिलमध्ये येईल, आणि घरधनी एप्रिलमध्येही तेथेच असेल. त्याला कोणी 'निघा' म्हणणार नाही. विलंब हास्यकारक ठरतो तो वाट पाहणाऱ्याला वाट पाहणे परवडते तेव्हाच. हेच काम मोजक्या रजेत उरकू पाहणाऱ्या माणसाच्या बाबतीत घडले असते तर त्याची शोकान्तिका झाली नसती हे खरे, पण सुखान्तिकाही खात्रीने झाली नसती.

दुसरी गोष्ट कारागिरांच्या चित्रणाची. मेल ह्यांच्यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो की, त्यांनी खेडवळ माणसांची व्यंगचित्रे काढली. तो अर्धवट खरा आहे. फॉर्टेस्क्यूबाईंच्या तुलनेत मेल स्वतःलाही हास्यास्पद करतात, आणि कारागिराच्या कौशल्याविषयी त्यांच्या मनात आदर आहे. माझा आक्षेप निराळा आहे. फ्रान्समध्ये कारागीर हा कायद्याच्या चौकटीत काम करणारा मनुष्य असतो. काम घेण्यापूर्वी तो 'दव्ही' म्हणजे लेखी अंदाजपत्रक देतो. ते सही झाले की उभयपक्षी करार होतो. १९७८ च्या कायद्याने इमारतीच्या मुख्य बांधकामाची दहा वर्षांची जबाबदारी त्याच्या शिरावर टाकलेली आहे आणि त्यासाठी विमा उतरविणे त्यास बंधनकारक आहे. तो चार घरांची कामे एकदम अंगावर घेतो ह्यामागेही त्याचे हिशोब आहेत: ओल, थंडी, साहित्याची ये-जा, हाताखालच्या माणसांचे पगार. हे सर्व वगळले म्हणजे त्याचा विलंब स्वभावातून आल्यासारखा दिसतो आणि 'दक्षिणेकडील माणसे अशीच' हा निष्कर्ष आपोआप निघतो. व्यंगचित्र रेषांनी होत नाही, वगळण्याने होते. ह्याच ग्रंथात ह्याच्या उलट उदाहरणही आहे हे सांगितले पाहिजे. घराभोवतालच्या द्राक्षमळ्याची व्यवस्था फॉस्तँ हा शेजारी बटाईने पाहतो. नव्या वेलींचा व खताचा खर्च मालकाचा, मेहनत त्याची, आणि उत्पन्नाचे दोन हिस्से त्याचे, एक मालकाचा. ही अट मेल स्पष्टपणे सांगतात, आणि त्यामुळेच फॉस्तँ हा विदूषक न होता शेतकरी म्हणून आपल्यापुढे उभा राहतो. अर्थव्यवहार सांगितला की पात्र आपोआप गंभीर होते, ह्याचा हा चांगला पुरावा आहे.

घर विकत घेण्याचा व्यवहार हा ह्या प्रकारातील सर्वांत नाट्यपूर्ण प्रसंग व्हावयास हवा होता. तसा तो क्वचितच झाला आहे. फ्रान्समध्ये आधी साठेखत होते, ज्यास 'कोंप्रोमी' म्हणतात. खरेदीदार बहुधा किंमतीच्या पाच ते दहा टक्के इसारा भरतो. त्यानंतर दहा दिवस त्याला माघार घेण्याची मुभा असते; विकणाऱ्याला ती नसते. खरेदीखत होते ते 'नोतेर'समोर. हा नोतेर म्हणजे आपल्याकडील वकील नव्हे आणि इंग्लंडातील सॉलिसिटरही नव्हे. तो शासननियुक्त अधिकारी असतो, व्यवहार कायदेशीर व्हावा ही त्याची जबाबदारी, कोणा एका पक्षाची बाजू घेणे ही नव्हे. दोन्ही पक्षांचे काम एकच नोतेर पाहतो, ह्याचा ब्रिटिश खरेदीदाराला प्रथम धक्का बसतो. त्याला 'आपला माणूस' हवा असतो आणि समोर बसलेला मनुष्य कोणाचाच नसतो.

फ्रेंच कादंबरीने ह्या माणसाचे महत्त्व केव्हाच ओळखले होते. बाल्झाक स्वतः तारुण्यात वकिलाच्या व नोतेरच्या कचेरीत उमेदवारी करून आला होता, आणि त्याच्या कादंबऱ्यांत विवाहाचा करार, मृत्युपत्र, गहाणखत ह्यांवर घराणी उठतात आणि बसतात. फ्रेंच कादंबरीत जो मनुष्य केंद्रस्थानी आहे तोच ब्रिटिश वास्तव्यवर्णनात दारातून डोकावून नाहीसा होतो. घर दोघांचेही फ्रान्समध्येच आहे. फरक असा की, ब्रिटिश लेखकाच्या लेखी घर हे वर्तमानकाळात असते, आणि फ्रेंच कायद्याच्या लेखी ते भावी वारसांचे असते.

हा मुद्दा थोडा विस्ताराने मांडावासा वाटतो, कारण ह्या जीवनातील खरा पेच येथे आहे. इंग्लंडात मनुष्य आपली मालमत्ता मृत्युपत्राने स्थूलमानाने कोणासही देऊ शकतो. फ्रान्समध्ये १८०४ च्या संहितेपासून मुलांचा हिस्सा राखीव आहे: एक मूल असल्यास निम्मी मालमत्ता, दोन असल्यास दोन तृतीयांश, तीन वा अधिक असल्यास तीन चतुर्थांश. उरलेल्याचीच व्यवस्था मृत्युपत्राने करता येते. आता उतारवयात दुसरा विवाह केलेले जोडपे डोळ्यांपुढे आणावे. दोघांनाही पहिल्या विवाहाची मुले आहेत आणि दोघांनी मिळून दोर्दोन्यच्या काठी घर घेतले आहे. एकाच्या मृत्यूनंतर घरात राहणारी विधवा आणि समुद्रापलीकडची सावत्र मुले एकाच घराचे वाटेकरी होतात. शिवाय सावत्र अपत्यास काही द्यावयाचे झाले तर कायद्याच्या दृष्टीने ते परकेच ठरते आणि साठ टक्के कर पडतो. खरेदीच्या वेळीच 'तोंतीन' नावाचे कलम घालून किंवा कंपनीसदृश मंडळी स्थापून ह्यातून वाट काढता येते, पण ती आधी सुचावी लागते. युरोपीय संघाच्या २०१२ च्या नियमानुसार १७ ऑगस्ट २०१५ पासून मनुष्याला आपल्या नागरिकत्वाच्या देशाचा वारसाकायदा निवडण्याची मुभा मिळाली. ब्रिटिश घरमालकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पुढे २०२१ च्या ऑगस्टमधील एका फ्रेंच कायद्याने, त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरपासून, निवडलेला परदेशी कायदा मुलांना राखीव हिस्सा देत नसेल तर काही परिस्थितींत मुलांना फ्रान्समधील मालमत्तेतून भरपाई मागता यावी अशी तरतूद केली. स्टर्नच्या पहिल्या पानावरचा प्रश्न अशा रीतीने निराळ्या वेषात परत आला. तेव्हा राजा वारसाला दूर सारीत असे. आता कायदा वारसाला पुढे आणतो. दोन्ही वेळा मृताच्या इच्छेपलीकडे कोणीतरी तिसरा उभा आहे. एवढे सामर्थ्यवान द्रव्य हाताशी असताना आमचे लेखक नळाविषयीच लिहीत बसले, ह्याची खंत वाटते.

'समीक्षकाने ललित ग्रंथात वकिली सल्ला शोधावा काय?' असा प्रश्न येथे विचारला जाईल. नाही. माहितीपुस्तिकेचे काम माहितीपुस्तिकेने करावे. गावाच्या गटारवाहिनीशी न जोडलेल्या घराच्या सेप्टिक टाकीचा तपासणी-अहवाल २०११ पासून विक्रीच्या वेळी जोडावा लागतो, आणि टाकी नियमबाह्य ठरल्यास नव्या मालकाला ती वर्षभरात दुरुस्त करावी लागते, हे ललित लेखकाने सांगितलेच पाहिजे असे नाही. परंतु टाकीविषयीच्या त्या अहवालामुळे विकणारा शेतकरी आणि विकत घेणारा परका ह्यांच्यात जो ताण निर्माण होतो, तो त्याच्या कक्षेतला आहे. जी टाकी आजोबांच्या वेळेपासून बिनतक्रार चालली ती एका कागदाने सदोष ठरते. शेतकऱ्याला तो अपमान वाटतो आणि परक्याला ती किंमत कमी करण्याची संधी वाटते. व्यवहाराचा तपशील मानवी संबंधाला जिथे धार आणतो तिथे तो वगळणे म्हणजे कलादृष्ट्याही तोटाच.

हे साधता येते ह्याचा दाखला ज्युलियन बार्न्स ह्यांच्या 'क्रॉस चॅनल' (१९९६) ह्या संग्रहातील 'हर्मिटेज' ह्या कथेत मिळतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दोन इंग्रज स्त्रिया मेदोक भागातील द्राक्षमळा विकत घेतात. पुढे त्यांना कळते की, आपल्या मद्याला बळकटी यावी म्हणून ऱ्होन खोऱ्यातील मद्य त्यात मिसळण्याची चाल आहे. त्यांच्या दृष्टीने ही भेसळ आहे. कारभाऱ्याच्या दृष्टीने ती परंपरा आहे. मालकी त्यांची, पण चाल त्यांच्या आधीची. मालकाला काय बदलता येते आणि काय नाही, हा प्रश्न बार्न्स एका पिंपातील द्रवावर आणून ठेवतात, आणि कोणालाही विदूषक करीत नाहीत. आपल्या विषयावरील हे लेखन मला सर्वांत श्रेष्ठ वाटते. ते कथारूप आहे हा योगायोग नसावा, कारण आत्मवृत्त लिहिणाऱ्याला शेजाऱ्यांबरोबर पुढेही राहावयाचे असते. कॅरॉल ड्रिंकवॉटर ह्यांचा 'द ऑलिव्ह फार्म' (२००१) हा ग्रंथ भावुकतेने काहीसा सैल झाला असला तरी त्यात जमीन आहे, झाडे आहेत आणि त्यांची निगा राखण्याचे कष्ट आहेत, ही त्याची जमेची बाजू. मेल ह्यांच्या यशानंतर निघालेल्या अनुकरणांच्या राशीविषयी न बोललेले बरे. स्वतः मेल ह्यांनाही त्या यशाची किंमत द्यावी लागली. वाचक त्यांचे घर शोधीत दारात येऊ लागले, तेव्हा काही वर्षे ते अमेरिकेत जाऊन राहिले. पुढे ते प्रोव्हान्सला परतले आणि २०१८ मध्ये तेथेच वारले.

मेल ह्यांच्या मौनामागे एक गृहीतक होते असे वर सूचित केले आहे. ब्रिटन १९७३ मध्ये युरोपीय आर्थिक समूहात आला, आणि नंतरच्या दोन-तीन दशकांत ब्रिटिश नागरिकाला फ्रान्समध्ये राहणे हे इतके सुकर होत गेले की राहण्याचा हक्क हा प्रश्नच लोपला. हवा असावी तसा तो होता. म्हणून त्याचे वर्णन झाले नाही. ३१ डिसेंबर २०२० रोजी संक्रमणकाळ संपला आणि ही हवा एकाएकी मोजून मिळू लागली. जे त्यापूर्वीपासून तेथे कायदेशीर रहिवासी होते त्यांचे हक्क करारान्वये टिकले आणि त्यांना रहिवासपत्रे मिळाली. परंतु ज्यांचे घर फ्रान्समध्ये आणि वास्तव्य ब्रिटनमध्ये होते, त्यांना कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस एवढीच मर्यादा लागू झाली. ह्या '१८० दिवसांना' स्थिर आरंभ नाही; प्रत्येक दिवशी मागे वळून मोजणी करावयाची असते. एप्रिलच्या आरंभी जाऊन सप्टेंबरअखेर परतण्याची अनेकांची वर्षानुवर्षांची रीत त्यामुळे संपली. जास्त राहावयाचे असल्यास दीर्घ मुदतीचा परवाना काढावा लागतो, आणि तात्पुरता परवाना असल्यास तो दर वेळी नव्याने. कुत्रा बरोबर न्यावयाचा तर २०२१ च्या आरंभापासून पूर्वीचे प्राण्यांचे पारपत्र चालेनासे होऊन प्रत्येक खेपेस पशुवैद्याचे प्रमाणपत्र लागू लागले. शिदोरीतील मांस व चीज सीमेवर अडू लागले. स्मॉलेटची पुस्तके अडली त्याच किनाऱ्यावर.

ह्या मर्यादेला शिक्षा समजणे योग्य नव्हे. युरोपीय संघाबाहेरच्या बहुतेक देशांच्या नागरिकांना ती लागू आहे. भारतीय अभ्यासकाला तर पॅरिसच्या ग्रंथालयात आठवडाभर बसण्यासाठीही आगाऊ परवाना लागतो, आणि त्याविषयी कोणी विनोदी ग्रंथ लिहिलेला नाही. पण वाङ्मयप्रकारावर तिचा जो परिणाम झाला तो दुर्लक्षणीय नाही. 'वर्ष' हे मेल ह्यांच्या रचनेचे एकक होते. बारा महिन्यांचे चक्र पुरे होते, ऋतू एकमेकांना जोडले जातात, जानेवारीतला फुटका नळ डिसेंबरच्या मेजवानीत सुधारलेला दिसतो. परवान्यावाचून येणाऱ्या आजच्या घरमालकाला हे वर्ष उपलब्धच नाही. तो जानेवारीत आला तर द्राक्षांच्या तोडणीला येईल, पण मधला वसंत त्याच्या हातून निसटेल. कारागिराचा पंधरवडा त्याला आता हास्यास्पद वाटणार नाही, कारण तो पंधरवडा त्याच्या नव्वदांतून वजा होतो.

२०२३ च्या अखेरीस फ्रेंच संसदेत ह्यावर एक उपाय पुढे आला. परदेशी नागरिकांविषयीच्या विधेयकात सिनेटमधील एका दुरुस्तीने फ्रान्समध्ये दुसरे घर असणाऱ्या ब्रिटिश नागरिकांना दीर्घ मुदतीचा हक्क आपोआप मिळावा अशी तरतूद घालण्यात आली. फ्रेंच नागरिक ब्रिटनमध्ये सहा महिन्यांपर्यंत राहू शकतात, मग उलट का नसावे, हा तिच्यामागील युक्तिवाद होता. विधेयक मंजूर झाले. परंतु २५ जानेवारी २०२४ रोजी संविधान परिषदेने हे कलम रद्द केले. कारण गुणदोषांचे नव्हते. मूळ विधेयकाच्या विषयाशी कलमाचा संबंध नाही, एवढेच परिषदेने म्हटले. ज्यांनी दहा-वीस वर्षे घर राखले, गावाला घरपट्टी भरली, आणि २०२३ पासून मुख्य घरांवरचा निवासकर रद्द झाल्यावरही दुसऱ्या घरावरचा तो कर जे भरीत राहिले, त्यांचा प्रश्न अशा रीतीने प्रक्रियेच्या फटीतून खाली पडला. ह्या प्रसंगावर बार्न्ससारख्याच्या हातून एखादी कथा व्हावी.

त्या कथेसाठी सामग्री शोधणाऱ्याने परवान्याच्या अर्जासोबत जोडावयाची कागदपत्रे पाहावीत. उत्पन्नाचा दाखला, आजारपणाचा विमा, आणि फ्रान्समध्ये कोठे उतरणार ह्याचा पुरावा ही त्यांतील मुख्य. ज्याचे घर नाही तो हॉटेलातील आरक्षणाची चिठ्ठी किंवा यजमानाचे पत्र जोडतो. ज्याचे घर आहे तो त्याच रकान्यासमोर आपल्या खरेदीखताची प्रत जोडतो.